डबल ग्लासच्या दार-खिडक्यांची कुलपं आणि हँडल दुरुस्त करताना: आधी पल्ला, मग कुलूप

किल्ली फिरेना म्हणून नवा सिलिंडर (कुलपाचा किल्ली घालायचा भाग) बसवला, पावसाळा सरायच्या आत पुन्हा तेच. मग हँडल बदललं, तर तेही लोंबकळायला लागलं. नाशिकात गंगापूर रोडचे बंगले असोत, पाथर्डी फाट्याकडचे नवे फ्लॅट असोत किंवा हायवेच्या आवाजाला कंटाळून डबल ग्लास बसवून घेतलेली मुंबई नाक्याकडची घरं असोत, तक्रार हीच ऐकू येते. पैसे मात्र चुकीच्या जागी जातात. किल्ली अडते म्हणजे कुलूपच खराब, असं आपण धरून चालतो. पल्ला दोन-तीन मिलिमीटर खाली बसला असेल तर कितीही महागाचं कुलूप आणलं तरी ते अडणारच.

पल्ला खाली बसतो, कारण काच जड असते. ५ मिमीच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरमागे २५ किलो. बाल्कनीच्या साध्या एका पल्ल्यात दीड चौरस मीटर काच धरली तरी ३५-४० किलो वजन बिजागऱ्यांवर चोवीस तास टांगलेलं असतं. त्यात यूपीव्हीसी, म्हणजे चौकटीचं आणि पल्ल्याचं कडक प्लास्टिक, उन्हात वाढतं. २ मीटर उंचीची पट्टी २५ अंशांनी तापली की साधारण ३ मिमी लांब होते. पश्चिमेचं दार सकाळी सुरळीत लागतं आणि मे महिन्यातल्या दुपारी चार वाजता हटून बसतं, ते यामुळे.

म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला टप्पा गाळला की दोष सापडत नाही, नुसते भाग बदलले जातात.

## १. तयारी

हे साहित्य आधीच जमवा: चांगल्या तोंडाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर (क्रमांक २), ४ आणि ५ मिमीची अ‍ॅलन की, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी किंवा टेप, पक्कड, जुना टूथब्रश, बारीक तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर किंवा रंगाचा कोरडा ब्रश, सिलिकॉन स्प्रे, पीटीएफई (कोरडं वंगण) स्प्रे, शिलाई मशीनचं पातळ तेल, लाकडी पाचरी, पेन्सिल, आणि स्क्रू ठेवायला वाटी. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा. लांबी वेगवेगळी असते. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू घातला की तो आत कुलपाच्या सरकत्या पट्टीला टेकतो आणि धडधाकट कुलूप जाम होतं.

काम सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा. तापलेल्या दारावर केलेलं अ‍ॅडजस्टमेंट रात्री चुकीचं ठरतं.

काहीही खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा: दाराची कड, हँडलच्या दोन्ही बाजू, चौकटीतल्या खाचा.

सावधान: बाहेर उघडणाऱ्या खिडकीवर वरच्या मजल्यावर काम करायचं असेल तर पल्ल्याला दोरी बांधून ती आतल्या भक्कम वस्तूला अडकवा. बाहेर ग्रिल नसेल तर बिजागरीच्या स्क्रूला एकट्याने हात लावू नका.

## २. दार बंद अवस्थेतच अडकलं असेल तर

दुरुस्ती उघड्या दारावर करायची असते. त्यामुळे ते उघडणं हे पहिलं काम.

एकाने हँडल सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने पल्ला कुलपाच्या बाजूने आत दाबायचा. मग बाहेर ओढायचा, मग खालून वर उचलायचा. तिन्ही दिशा करून बघा. चौकटीत अडकलेल्या कुलपाच्या हुकावरचा ताण ज्या दिशेने कमी होईल त्या दिशेला हँडल सुटतं. दार उन्हात तापलं असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा, किंवा फक्त प्लास्टिकच्या चौकटीवर ओला फडका ठेवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

हँडल नुसतंच गोल फिरतंय, आत काही पकडत नाही असं वाटलं तर आतले दोन स्क्रू काढून हँडल बाजूला करा आणि आतली चौरस सळई, म्हणजे स्पिंडल, पकडीने धरून फिरवा. स्पिंडल फिरल्यावर पट्टी हलली, तर दोष हँडलचा. स्पिंडल फिरूनही हुक हलत नसतील तर गिअर बॉक्स, म्हणजे हँडलच्या फिरण्याने पट्टी सरकवणारा आतला भाग, तुटला आहे. बंद दाराचा गिअर बॉक्स तुटला असेल तर इथेच थांबून जाणकार माणूस बोलवा. पटाशीने उचकटताना काच गेली तर खर्च कुलपाच्या कितीतरी पट होतो.

## ३. दोष नेमका कुठे, ते उघड्या दारावर ठरवा

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि जवळपास सगळेजण तो गाळतात.

दार पूर्ण उघडा. पल्ल्याच्या कडेत वरपासून खालपर्यंत स्टीलची लॉक पट्टी दिसेल. तिच्यावर हुक किंवा रोलर असतात, मधोमध गिअर बॉक्स असतो. त्यांना अडकवून घेणाऱ्या समोरच्या चौकटीतल्या तुकड्यांना कीप म्हणतात. आता दार उघडं ठेवूनच हँडल पूर्ण वर उचला, किल्ली फिरवा, परत उघडा, हँडल खाली आणा. असं तीन-चारदा करा आणि हाताला काय जाणवतं ते पाहा.

उघड्या दारात सगळं लोण्यासारखं चाललं आणि बंद केल्यावरच अडलं, तर कुलूप ठीक आहे. पल्ला किंवा कीप जागेवर नाही. टप्पा ४ कडे जा, आणि दुकानात अजिबात जाऊ नका.

उघड्या दारातही हँडल जड जातंय, करकर वाजतंय किंवा मध्येच अटकतंय, तर दोष लॉक पट्टीत किंवा गिअर बॉक्समध्ये. आधी टप्पा ५, मग ८.

हँडल हलकं फिरतं पण किल्लीच अडते, तर सिलिंडर. टप्पा ७.

हँडल आडवं न राहता खाली लोंबतं पण दार नीट लागतं, तर स्प्रिंग. टप्पा ६.

तपासा: काही खिडक्यांचं हँडल पल्ला उघडा असताना मुद्दाम अडवलेलं असतं. पल्ल्याच्या कडेवर छोटी कळ दिसते, ती बोटाने दाबून धरली की हँडल फिरतं. तो बिघाड नव्हे.

सावधान: हुक बाहेर आलेले असताना दार आपटू देऊ नका. वाऱ्याने पल्ला आपटला तर हुक चौकटीवर बसतात आणि पट्टी वाकते. चाचणीच्या वेळी दाराला पाचर लावा.

एक गोष्ट बरेचजण विसरतात. बहुतेक मल्टीपॉइंट (एकाच वेळी अनेक जागी अडकणाऱ्या कुलपाच्या) दारांना हँडल शेवटपर्यंत वर उचलल्याशिवाय किल्ली फिरतच नाही. साध्या कुलपाच्या सवयीने दार नुसतं ओढून घेतात आणि किल्लीवर जोर लावतात. किल्ली मोडण्याचं हे एक नेहमीचं कारण. घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, हे एकदा हातात हात धरून दाखवा.

## ४. पल्ला जागेवर आणा

फट पाहा. दार बंद करा, हँडल उचलू नका. पल्ला आणि चौकट यांच्यातली फट चारही बाजूंनी बघा. खाली बसलेल्या पल्ल्यात कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीपासून लांब गेलेला दिसतो आणि खालचा कोपरा उंबऱ्याला घासतो. घासल्याच्या काळ्या रेघा उंबऱ्यावर असतातच.

ठसा घ्या. पाण्यात घट्ट कालवलेलं कुंकू प्रत्येक हुकाच्या तोंडाला बोटाने लावा. दार लावून हँडल जेवढं जाईल तेवढंच उचला, परत खाली आणा आणि दार उघडा. कीपवर लाल ठसा कुठे उमटला ते बघा. खाचेच्या मधोमध असेल तर ठीक. खालच्या काठावर असेल तर पल्ला खाली गेला आहे, वरच्या काठावर असेल तर वर. फक्त वरच्या हुकाचा ठसा चुकतो आणि मधला-खालचा बरोबर येतो, तर पल्ला तिरका झाला आहे किंवा वरची बिजागरी सैल आहे. ठसे लगेच ओल्या फडक्याने पुसा, पांढऱ्या प्रोफाइलवर (यूपीव्हीसीच्या पट्ट्यांवर) डाग राहतो. मार्करनेही काम होतं, पण कुंकवाचा ठसा जास्त स्वच्छ उमटतो.

बिजागरीचे स्क्रू आवळा. अ‍ॅडजस्टमेंटच्या आधी हे करा. स्क्रू नुसताच फिरत राहिला तर आटे गेले आहेत. तिथे थोडा लांब किंवा एक नंबर जाड स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घाला. काडीपेटीची काडी कोंबून स्क्रू बसवायची पद्धत लाकडाला चालते, इथे चालत नाही.

बिजागरी फिरवा. बिजागरीवरची प्लास्टिकची टोपी काढली की आत अ‍ॅलन कीचं तोंड दिसतं. एक स्क्रू पल्ला डावी-उजवीकडे नेतो, एक वर-खाली. काही बनावटींत आधी एक अडवणारा स्क्रू सैल करावा लागतो. उंची बदलताना पल्ल्याखाली पाचर सारून वजन उचलून धरा, नाहीतर स्क्रूचं तोंड घसरतं. एका वेळी पाव फेरा, मग दार लावून बघायचं. डावी-उजवी हलवताना सगळ्या बिजागऱ्या सारख्याच फिरवा. सुरुवातीची जागा पेन्सिलने खुणवून ठेवली असेल तर चुकलं तरी परत येता येतं.

कीप सरकवा. पल्ला सरळ झाल्यावरही एखादा हुक मिलिमीटरभर चुकत असेल तर कीपचे स्क्रू अर्धवट सैल करून तो सरकवा. बहुतेक कीपना लांबट भोकं याचसाठी असतात. पल्ला सरळ करण्याआधी कीप सरकवू नका. काही मिस्त्री सरळ कानस घेऊन कीप घासायला लागतात. त्यांना थांबवा. घासलेला कीप हुकाला नीट पकडत नाही. पल्ला आणखी खाली बसतो आणि पुन्हा घासावं लागतं, मात्र तोवर धरायला धातूच उरलेला नसतो.

काचेचं पॅकिंग. बिजागरीला अ‍ॅडजस्टमेंटच नसेल किंवा ती संपली असेल, तर दोष काच बसवताना राहिला आहे. काच आणि प्रोफाइल यांच्यामध्ये प्लास्टिकचे छोटे तुकडे कर्णरेषेत बसवतात: बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्याशी आणि कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्याशी. त्यामुळे काच स्वतःच पल्ल्याचा कोन धरून ठेवते आणि वजन खालच्या बिजागरीवर उतरतं. घाईच्या कामात हे तुकडे घालतच नाहीत किंवा ते खाली सरकून पडतात. मग पल्ला काटकोन सोडतो. दुरुस्तीसाठी आतली बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, काढावी लागते. सर्वांत लांब पट्टीपासून सुरुवात, मधोमध पातळ पट्टी घालून. परत बसवताना उलटा क्रम, आखूड आधी. दोन माणसं हवीतच. एकाने काच आतून धरून ठेवायची, दुसऱ्याने पल्ला कुलपाच्या बाजूने किंचित उचलून तुकडा सारायचा. काचेची कड टणक वस्तूला लागू देऊ नका. कडेचं सील फाटलं की पावसाळ्यात दोन काचांच्या मध्ये दव धरतं आणि ते पुसता येत नाही.

तपासा: आता हँडल एका बोटाने वर जायला हवं. हात लावून जोर द्यावा लागत असेल तर पुढे जाऊ नका, पुन्हा ठसा घ्या.

## ५. साफसफाई आणि वंगण

रस्त्याची धूळ आणि त्यावर घातलेलं तेल यांची कणीक लॉक पट्टीत बसलेली असते. आधी कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूमने ती काढा, मग ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. वंगण नंतर.

हुक, रोलर आणि पट्टीच्या सरकत्या जागांवर पातळ मशीन तेलाचा एकेक थेंब. किल्लीच्या भोकात मात्र तेल नको. तिथे कोरडा पीटीएफई स्प्रे किंवा ग्रॅफाइटची पूड, दोन्हींपैकी एकच. ग्रॅफाइटवर तेल पडलं की काळा लगदा होऊन पिन अडकतात. रबरी गास्केटला सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन पुसा.

खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे थंडीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि खोबरेल त्याच्या कितीतरी आधीच थिजतं. डिसेंबरात अचानक जड झालेल्या कुलपात बऱ्याचदा हेच सापडतं. गंज सुटायला जो सर्वपरिचित स्प्रे मिळतो, तो अडकलेला स्क्रू सोडवायला उत्तम, पण वंगण म्हणून तो टिकत नाही.

प्रोफाइलच्या खालच्या बाजूला पाणी बाहेर जायच्या बारीक फटी असतात. जूनच्या आधी त्या काडीने मोकळ्या करा. गळतंय म्हणून कुणी त्यात सिलिकॉन भरला असेल तर तो काढा. त्या बुजल्या की पाणी आत साचतं आणि लॉक पट्टीचं खालचं टोक गंजतं.

## ६. हँडल

दाराचं हँडल डगमगत असेल तर आतल्या बाजूचे वरचे-खालचे दोन स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला की प्लेट तिरकी बसते आणि स्पिंडल घासतो. अति आवळल्यावरही हँडल जड होतं.

हँडल लोंबत असेल तर ते काढून स्पिंडल गिअर बॉक्समध्ये घाला आणि हाताने फिरवून सोडा. तो आपोआप परत आला तर गिअर बॉक्सची स्प्रिंग जिवंत आहे, तुटलेली स्प्रिंग हँडलमधली आहे. हँडलची जोडी बदला. परत आला नाही तर टप्पा ८.

नवीन हँडल घ्यायला जाताना जुनं सोबत न्या आणि ही मापं लिहा: दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर, प्लेटची रुंदी, आणि स्पिंडलच्या मध्यापासून किल्लीच्या वरच्या गोल भागाच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप बहुतेक ८५ किंवा ९२ मिमी निघतं, आणि घोळ यातच होतो. दिसायला हँडल सारखंच असतं, पण किल्लीचं भोक जुळत नाही. दाराचा स्पिंडल साधारणपणे ८ मिमीचा, खिडकीचा ७ मिमीचा. खिडकीच्या हँडलला बाहेर आलेल्या स्पिंडलची लांबीही मोजा. आखूड पडला तर पकडत नाही, लांब झाला तर प्लेट टेकत नाही.

खिडकीच्या हँडलचे स्क्रू दिसत नसतील तर हँडल आडवं करा किंवा खालची टोपी नखाने उचला.

## ७. सिलिंडर

खात्री आधी करा. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेवर किल्लीच्या पातळीवर एक लांब स्क्रू असतो, तो काढा. किल्ली घालून किंचित फिरवा, म्हणजे मधली जीभ सिलिंडरच्या अंगाशी एका रेषेत येते आणि तो सरळ बाहेर सरकतो. निघत नसेल तर हातोडी नको. किल्ली थोडी मागे-पुढे करत हलका दाब द्या.

आता हातात धरून किल्ली फिरवा. हातात मऊ फिरली तर सिलिंडर निर्दोष. परत टप्पा ४. हातातही अडली तर दुसरी, कमी वापरलेली किल्ली घालून बघा. झिजलेल्या किल्लीवरून काढलेली डुप्लिकेट त्याहून वाईट असते, हा दोष फार जणांच्या लक्षात येत नाही.

माप दोन बाजूंचं वेगळं घ्यायचं: स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत, आणि तिथूनच आतल्या टोकापर्यंत. उदाहरणार्थ बाहेर ३५, आत ४५. दुकानात नुसतं ‘८० चा द्या’ म्हटलं तर ४०-४० मिळेल आणि बाहेरून ५ मिमी जास्त डोकावेल. बाहेरच्या प्लेटपुढे ३ मिमीपेक्षा जास्त आलेला सिलिंडर पकडीने धरून मोडता येतो, कारण स्क्रूच्या भोकाशी त्याची जाडी सर्वांत कमी असते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी याकडे जरूर लक्ष द्यावं. घरात म्हातारी माणसं किंवा मुलं असतील तर आतून किल्लीऐवजी खुंटी असलेला सिलिंडर घ्या. आग लागली तर किल्ली शोधत बसावं लागत नाही.

तपासा: नवीन सिलिंडर घातल्यावर कडेचा स्क्रू आधी सैलच ठेवा, दोन्ही बाजूंनी किल्ली फिरवा, मग आवळा.

## ८. गिअर बॉक्स

हँडल आणि सिलिंडर काढल्यावर पट्टीचे कडेवरचे सगळे स्क्रू काढा आणि पट्टी सरळ बाहेर ओढा. वाकवू नका. गिअर बॉक्स स्क्रूने जोडलेला असेल तर तेवढाच बदलता येतो. रिव्हेटने असेल तर पूर्ण पट्टी घ्यावी लागते.

मापं: पट्टीच्या पुढच्या पृष्ठभागापासून स्पिंडलच्या मध्यापर्यंत, स्पिंडलपासून किल्लीपर्यंत (टप्पा ६ मधलंच), पट्टीची रुंदी, एकूण लांबी, आणि स्पिंडलपासून प्रत्येक हुकाचं अंतर. पट्टीवर कोरलेल्या नावाचा आणि आकड्यांचा फोटो घ्या. साध्या हार्डवेअरच्या दुकानात हे सहसा मिळत नाही. अंबड-सातपूरकडे यूपीव्हीसीच्या खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे जुना भाग घेऊन जा, आणि ज्यांनी खिडक्या बसवल्या त्यांचं बिल सापडलं तर आधी त्यांना विचारा.

## ९. सरकत्या पल्ल्यांचं थोडं वेगळं

स्लायडिंगमध्ये हुक लागत नाही, तेव्हा बहुतेक लोक टच लॉकच (सरकत्या पल्ल्याचं कुलूप) बदलतात. आधी ट्रॅक साफ करा. मग पल्ल्याच्या बाजूच्या कडेला, तळाशी असलेल्या भोकात फिलिप्स ड्रायव्हर घालून रोलरचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवून पल्ला वर घ्या, दोन्ही टोकांना, फट समांतर होईपर्यंत. स्क्रू फिरूनही पल्ला उचलला जात नसेल तर रोलर फुटला आहे. जाळीचा पल्ला वेगळा असतो, त्याचे रोलर मुख्य पल्ल्याच्या जागी घालू नका, वजन पेलत नाहीत.

## १०. शेवटची तपासणी

दार उघडं ठेवून हँडल आणि किल्ली पाच वेळा, मग बंद करून पाच वेळा. नंतर त्याच दिवशी दुपारी उन्हाच्या वेळी आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. दुपारीच अडलं तर ठसा घ्या, तो ज्या काठावर येतो त्या बाजूला कीप अर्ध्या मिलिमीटरने सरकवा आणि रात्री परत बघा. दोन्ही वेळी हँडल बोटाने चढलं की स्क्रूंच्या टोप्या लावा. मापांचा कागद बिलासोबत ठेवून द्या, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू महिन्याभराने पुन्हा एकदा आवळा. नवीन बसवलेला स्क्रू वजनाखाली थोडा बसतोच.